रिकामा रकाना

सरकारी पत्रव्यवहाराने मराठी भाषेस जे थोडे नेमके शब्द दिले आहेत, त्यांत 'निरंक' या शब्दास आम्ही वरचे स्थान देतो. महिनाअखेरीस खालच्या कचेरीतून वरच्या कचेरीकडे जी पत्रके जातात, त्यांत एखाद्या बाबीखाली कळविण्यासारखे काही नसले म्हणजे कारकून तेथे 'निरंक' असे लिहितो. प्रलंबित अर्ज : निरंक. रिक्त पदे : निरंक. शब्द कोरडा खरा. परंतु त्यात एक जबाबदारी साठविलेली आहे. तो लिहिणारा मनुष्य असे सांगत असतो की, मी पाहिले, मोजले, आणि मोजण्याजोगे काही आढळले नाही; खाली माझी सही आहे. तोच रकाना कोरा सोडला तर? पाहणाऱ्याच्या डोळ्यांस दोन्ही ठिकाणी 'काही नाही' एवढेच दिसेल. परंतु पहिले विधान आहे, दुसरे मौन आहे. विधान खोटे ठरविता येते. मौनाचा अर्थ मात्र वाचणाऱ्यास लावावा लागतो, आणि वाचणारा बहुधा आपल्या सोयीचाच अर्थ लावतो.

हा भेद जुन्या पिढीतील हेडक्लार्कास उत्तम ठाऊक असे. कोरा रकाना दिसला की तो पत्रक परत पाठवी. आता पत्रके संगणकात भरली जातात, आणि त्याच्या पोटात या कोरेपणाचे काय होते हा प्रश्न वरवर पाहता यंत्रविद्येच्या घरचा वाटेल. आम्ही तर्कशास्त्र शिकविणारे. यंत्रविद्या हा आमचा प्रांत नव्हे. तरीही गेल्या हिवाळ्यात डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांत विद्यार्थ्यांबरोबर काही दिवस काढल्यावर आमची अशी खात्री झाली आहे की, हा प्रश्न मुळात यंत्राचा नसून साक्षीपुराव्याचा आहे, आणि म्हणून तो आपणां सर्वांचा आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला, त्यात हे दोन्ही तालुके गेले. डहाणूस समुद्र आहे, घोलवडच्या चिकूच्या वाड्या आहेत. पूर्वेकडे जावे तसतसे डोंगर, साग आणि वारल्यांचे पाडे लागतात. तलासरी हा तर अगदी सीमेवरचा तालुका. १९६० साली द्विभाषिक मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्यातील काही गावे गुजरातेत गेली, आणि मागे राहिलेल्या गावांतून तलासरी उभा राहिला. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी अशा आदिवासी जमातींची येथे दाट वस्ती आहे. तलासरीत तर त्यांचेच फार मोठे बहुमत आहे. पाऊस संपून भाताची झोडणी झाली की कित्येक घरांस कुलूप लागते. माणसे वीटभट्ट्यांवर, बोटींवर आणि सीमेपलीकडच्या कारखान्यांत कामास जातात. ज्याने येथे घरोघर फिरून काही विचारावयाचे ठरविले, त्याने बंद दारांची मोजणीही शिकली पाहिजे.

आमच्या विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात अशीच एक पाहणी हाती घेतली होती. प्रश्न पुष्कळ होते. परंतु ज्यासाठी सारा खटाटोप, तो प्रश्न एकच : घरास वनपट्टा मिळाला आहे काय? वाचकांस ठाऊक असेलच की, २००६ साली संसदेने वनहक्क मान्य करणारा कायदा केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी आदिवासी कुटुंबे वनजमीन कसून तीवर निर्वाह करीत होती, त्यांचा त्या जमिनीवरील हक्क या कायद्याने मान्य होतो. पट्टा वारसाहक्काने पुढे जातो, विकता येत नाही. आणि अर्जदार विवाहित असेल तर तो पतिपत्नी दोघांच्या नावे द्यावा लागतो. डहाणू-तलासरीच्या पाड्यांत हा कागद म्हणजे काय चीज आहे, हे शहरातील घराच्या दस्तऐवजाइतके मोलाचे एवढे सांगितले तरी पुरे व्हावे.

आता विद्यार्थ्यांनी उत्तरे कशात साठविली ते सांगतो. संकेतस्थळे उभारण्यासाठी जे तयार सांगाडे मिळतात, त्यांस 'वेब फ्रेमवर्क' म्हणतात. त्यांपैकी 'जँगो' हा एक. अमेरिकेतील कॅन्सस संस्थानात लॉरेन्स या गावी एक दैनिक निघे. त्या दैनिकाच्या कचेरीत २००३ साली त्याची सुरुवात झाली, २००५ साली तो जगास खुला झाला, आणि त्याचे नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून पडले. अशा सांगाड्याच्या मागे नोंदींचे कोठार असते, त्यास डेटाबेस म्हणावयाचे. जुन्या पद्धतीचा डेटाबेस तलाठ्याच्या वहीसारखा असतो : रकाने आधी आखलेले, ओळी मागाहून भरावयाच्या. परंतु प्रत्येक पाड्यावर प्रश्न थोडे बदलत असतील, तर रकाने तरी किती आखावे? त्यावर अलीकडे एक तोड निघाली. एकच रकाना ठेवावयाचा, आणि त्यात एक आख्खा बटवा अडकवावयाचा. बटव्यात हवे तितके कप्पे, प्रत्येक कप्प्यावर नाव, आत एक चिठ्ठी. या बटव्याच्या शिवणीस 'जेसन' म्हणतात. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसात असे बटवे २०१२ पासून ठेवता येऊ लागले. आणि २०२० च्या ऑगस्टात निघालेल्या जँगोच्या ३.१ या आवृत्तीपासून तो सांगाडा ज्या ज्या डेटाबेसांस अधिकृतपणे आधार देतो, त्या सर्वांत ही सोय झाली.

सोय झाली, परंतु रिकामेपणाची जात एक होती तिच्या अनेक झाल्या. आमच्या पाहणीतीलच घरे पाहा. पहिल्या घरास कुलूप होते. मुलांनी घराचा क्रमांक टिपला आणि बटवाच अडकविला नाही. अशा रकान्यात डेटाबेस स्वतःची एक खूण ठेवतो, तिला 'नल' म्हणतात. दुसऱ्या घरी एक वृद्धा अंगणात बसली होती. पट्ट्याविषयी विचारता ती म्हणाली, "ते ठाव नाय, पोरा. कागूद धाकल्याकडं." मुलांनी बटव्यात पट्ट्याचा कप्पा शिवला आणि आत चिठ्ठी टाकली, तीवरही 'नल' असेच लिहिले, कारण जेसनमध्येही त्या नावाची एक स्वतंत्र किंमत आहे. तिसरे घर पहिल्या दिवशीचे. त्या दिवशी प्रश्नावलीत पट्ट्याचा प्रश्नच नव्हता, तो दुसऱ्या दिवशी घातला गेला. म्हणून बटवा भरलेला, परंतु त्या नावाचा कप्पाच नाही. चौथ्या घरी विचारणाऱ्या मुलाने ती चौकट तशीच सोडून पुढे बोट दाबले. तेथे कप्पा आहे, आत चिठ्ठीही आहे, परंतु चिठ्ठीवर अक्षर नाही. पाचवे घर दुसऱ्याच्या वाडीत मजुरी करणाऱ्याचे. त्याने वनजमीन कधी कसलीच नाही, मग पट्टा कोठला? तेथे कोणी 'नाही' लिहिले, कोणी आडवी रेघ ओढली.

दमयंतीच्या स्वयंवराची कथा वाचकांस आठवत असेल. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नलाचे रूप घेऊन बसले, आणि त्या बिचारीपुढे एकाच चेहऱ्याचे पाच नल उभे राहिले. आमच्या विद्यार्थ्यांची अवस्था तीच झाली. नावसुद्धा योगायोगाने तेच! पडद्यावर पाचही घरांपुढे सारखीच मोकळी जागा दिसत होती. दमयंतीस निदान खुणा तरी ठाऊक होत्या : देवांस घाम येत नाही, पापणी लवत नाही, त्यांची सावली पडत नाही. येथे खुणा कोणत्या?

खुणा आहेत, परंतु त्या शोधणाऱ्यासच सापडतात. जँगोची रीत अशी की, सबंध रकान्यात 'काही नाही' म्हणून ठेवावयास दिले, तर तो डेटाबेसचा नल ठेवतो. उलट 'काही नाही' म्हणून शोधावयास सांगितले, तर तो बटव्यातील नल शोधतो. ठेवताना एक अर्थ, शोधताना दुसरा. बंद दाराचे घर हवे असेल तर 'हा रकाना नल आहे काय' असा वेगळा प्रश्न करावा लागतो. एका कप्प्यापुरते पाहिले, तर 'चिठ्ठीवर नल आहे काय' आणि 'कप्पाच नाही काय' हेही दोन निरनिराळे प्रश्न आहेत. शिवाय दोन्ही जातींचे नल कोठारातून बाहेर काढून वाचू लागले की दोघांचे तोंड एकच होते. पोस्टग्रेसमध्येही तेच : बटव्यातील चिठ्ठी मजकूर म्हणून उपसली की 'नल' लिहिलेली चिठ्ठी आणि मुळात नसलेला कप्पा या दोहोंबद्दल एकच उत्तर मिळते. बरे, सर्व हत्यारांची रीत तरी सारखी आहे काय? फ्लास्क या दुसऱ्या सांगाड्याच्या जोडीने पुष्कळ लोक एसक्यूएलअल्केमी नावाचे साधन वापरतात. तेथे जेसनच्या रकान्यात 'काही नाही' ठेवावयास दिले, तर वेगळे सांगितल्यावाचून तो जेसनचा नल ठेवतो, म्हणजे जँगोच्या नेमके उलट! आणि जेसनमधील नोंद दुरुस्त करून पाठविण्याची २०१४ साली ठरलेली जी एक पद्धत आहे, तिच्यात कप्प्यात नल पाठविणे याचा अर्थ 'तो कप्पाच उसवून टाका' असा होतो. 'मला ठाऊक नाही' असे नम्रपणे कळवावे, आणि समोरच्याने 'तर मग हा प्रश्नच पुसून टाकतो' असे म्हणावे, तसा हा प्रकार.

हे सारे आम्हांस एका विद्यार्थ्याने समजावून दिले. हा मुलगा तलासरीकडचाच. शिबिराच्या चौथ्या दिवशी त्याने दोन याद्या काढल्या. एकीत पट्टा मिळालेली घरे, दुसरीत ती वगळून उरलेली घरे. सामान्य बुद्धीस वाटावे की दोन्ही मिळून सारा पाडा झाला पाहिजे. बेरीज कमी भरली. "सर, काही घरं दोन्ही याद्यांत नाहीत," तो म्हणाला. आम्ही म्हटले, "मोजण्यात चूक असेल." त्याने शांतपणे जँगोची मार्गदर्शिका उघडून दाखविली. तीत स्पष्ट इशारा आहे की, बटव्यातील कप्प्यांवरून निवडलेली यादी आणि वगळलेली यादी या दोहोंत मिळून सर्व नोंदी येतीलच अशी हमी नाही. ज्यांच्यात तो कप्पाच नाही तेही हवे असतील, तर तसे वेगळे सांगावे.

तर्कशास्त्राच्या मास्तरास हा धक्काच म्हटला पाहिजे. 'अ' आणि 'अ नव्हे' यांच्या बाहेर तिसरे काही नाही, हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. परंतु डेटाबेसच्या राज्यात विधानास तीन गती आहेत : खरे, खोटे आणि अज्ञात. १९७० साली एडगर कॉड याने ज्या संबंधाधिष्ठित पद्धतीचा पाया घातला, तिच्यात पुढे १९७९ साली त्याने स्वतःच नलासाठी हे तीन किमतींचे तर्कशास्त्र मांडले. अज्ञात उत्तराचा निषेध केला तरी ते अज्ञातच राहते. म्हणून 'पट्टा आहे' असे विचारा की 'पट्टा नाही' असे विचारा, अज्ञात घर दोन्ही दारांतून बाहेर राहते. विशेष हे की, या अज्ञाताचा न्याय सर्वत्र सारखा होत नाही. निवड करताना अज्ञात म्हणजे 'नको'. परंतु नोंद आत घेताना जी अट तपासतात, तेथे अज्ञात म्हणजे 'चालेल'. म्हणजे दारातून आत घेताना कोणी हरकत घेत नाही आणि पंगतीत वाढताना कोणी पान मांडीत नाही.

कॉडलाही एक खूण अपुरी वाटली होती. १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने दोन खुणा सुचविल्या : 'लागू आहे, परंतु माहीत नाही' याची एक, आणि 'लागूच नाही' याची दुसरी. प्रचारात असलेल्या एसक्यूएल भाषेने ही सूचना घेतली नाही. तेथे नल एकच राहिला. आमच्याकडे मात्र या विषयाचा विचार फार पूर्वीच झालेला आहे. आठल्ये आणि बोडस यांच्या १८९७ च्या आवृत्तीमुळे अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' महाविद्यालयांत ज्यांनी वाचला असेल, त्यांस अभावाचे चार प्रकार आठवतील. घट घडण्यापूर्वी त्याचा जो अभाव तो प्रागभाव. फुटल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. जे तेथे तिन्ही काळी नाही त्याचा अत्यंताभाव. आणि घट म्हणजे पट नव्हे, हा अन्योन्याभाव. दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही, कागद होता तो पुरात गेला, वनजमीन कधी कसलीच नाही, आणि कोरी चिठ्ठी म्हणजे 'नाही' नव्हे : चारही प्रकार एकाच पाड्यावर भेटतात.

परंतु कुलूप लावलेले घर आणि 'ठाव नाय' म्हणणारी वृद्धा या चारांपैकी कोठे बसवावयाची? कोठेच बसत नाहीत. कारण तेथे अभाव पट्ट्याचा नाही, आपल्या ज्ञानाचा आहे. ही फोड शास्त्रकारांनी फार सुरेख केली आहे. भाट्ट मीमांसक 'अनुपलब्धि' म्हणजे न आढळणे हेही ज्ञानाचे एक साधन मानतात. परंतु तिला अट घालतात की ती 'योग्य' असली पाहिजे. वस्तू तेथे असती तर आढळलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिच्या न आढळण्यावरून ती नाही असे म्हणता येते. उजेडात भुईवर घट दिसला नाही, तर घट नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही, तर एवढेच सिद्ध होते की खोली अंधारी आहे. ज्या घरी कोणी विचारलेच नाही, त्या घराचा कोरा रकाना म्हणजे ती अंधारी खोली होय. प्रत्येक रिकाम्या रकान्यास विचारावयाचा प्रश्न 'येथे काय आहे' हा नव्हे. 'येथे दिवा लावून पाहिले होते काय' हा आहे.

एवढा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर असे की, ज्या मुलखात आम्ही हे शिकलो, तेथे कोरेपणाने माणसांचे संसार बुडविलेले आहेत. अक्षरशत्रू कुळाचा अंगठा कोऱ्या कागदावर घ्यावा आणि आकडा मागाहून सवडीने भरावा, ही सावकाराची युक्ती आदिवासी मुलखात जुनी. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपायी येथला वारली 'लग्नगडी' होऊन मालकाच्या घरी वर्षानुवर्षे राबे, आणि देणे किती फिटले याचा हिशेब फक्त मालकाच्या वहीत असे. १९४५ साली वेठ आणि लग्नगडीपणा यांविरुद्ध वारली उठले. त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० च्या पुस्तकात सांगितली आहे. त्यानंतर कूळकायदा आला. परंतु ज्या कसणाऱ्याचे नाव कुळाच्या रकान्यात चढलेच नव्हते, त्यास कायद्याने दिलेला हक्क मागावयास आधार कोणता? जमीन तो कसत होता, हे शिवारास ठाऊक होते. वहीस ठाऊक नव्हते. कोऱ्या कागदाची दोन संकटे यात दिसतात : एक, दुसरा कोणी तो आपल्या मनाप्रमाणे भरतो, दुसरे, कोणीच तो भरीत नाही आणि मग त्याचा अर्थ 'नाही' असा लावला जातो. यंत्र ही दोन्ही कामे कोणताही द्वेष न बाळगता करू शकते. आधीच ठरविलेली किंमत रकान्यात आपोआप पडते, हे पहिले. आणि अज्ञात नोंद यादीतून गळते, हे दुसरे.

वनहक्काच्या कायद्याखालील नियमांत या जुन्या अन्यायाची जाणीव दिसते. पुरावा म्हणून सरकारी कागद तर चालतातच. शिवाय अर्जदाराखेरीज गावातील इतर वडीलधाऱ्यांचे म्हणणे लिहून घेतले, तर तेही पुरावा ठरते. वही मुकी असेल, तर गावास बोलू द्यावे, असा त्याचा आशय. तरीही निकालाच्या बाजूस घोळ राहतोच. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांस वनजमिनीवरून हटविण्याविषयी आदेश दिला. २८ फेब्रुवारीस त्यास स्थगिती दिली, आणि दावे फेटाळताना कोणती रीत पाळली याचा खुलासा राज्यांकडून मागविला. 'फेटाळला', 'निकाल झाला नाही' आणि 'निकाल झाला पण अर्जदारास कळविला नाही' ही तीन वाक्ये एका रिकाम्या चौकटीत मावतात. परंतु त्या चौकटीवर ज्याचे घर उभे आहे, त्यास ती एक वाटत नाहीत.

यावर एक सोपा उपाय नेहमी सुचविला जातो : रकाना सक्तीचा करावा, भरल्यावाचून यंत्राने पुढे जाऊच देऊ नये. हा उपाय महाराष्ट्रात पूर्वीच करून पाहिलेला आहे. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख सक्तीची. ती आईबापांस ठाऊक नाही. मग गुरुजींनी लिहिले १ जून. आमच्या वडिलांच्या पिढीत १ जूनला जन्मलेल्यांची संख्या पाहिली, तर त्या दिवशी ग्रहांचा काही विशेष योग असावा असे वाटेल! सक्तीने रकाना भरतो, ज्ञान भरत नाही. कोऱ्या जागी निदान अज्ञान उघडे दिसत होते; आता ते तारखेचा पोशाख करून बसले. रिकाम्या रकान्यापेक्षा खोटा भरलेला रकाना अधिक घातक, कारण त्याच्याविषयी पुन्हा विचारावयास कोणी जात नाही. संगणकविद्येतही नलास अजिबात हाकून द्यावे, अशी एक विचारसरणी आहे. टोनी होअर या थोर शास्त्रज्ञाने १९६५ साली एका संगणकभाषेत या नलाच्या एका भाऊबंदास जन्म दिला, आणि २००९ साली स्वतःच ती अब्ज डॉलरांची चूक ठरविली. प्रोग्राम बंद पडतो तेथपर्यंत त्याचे म्हणणे खरे आहे. परंतु जगातील अज्ञान नल हाकून दिल्याने नाहीसे होत नाही.

शहाणपणाचा मार्ग आमच्या कायद्यांत आणि नोंदींत ठिकठिकाणी आधीच सापडतो. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याचे कलम १४ पाहा : मुलाचे नाव ठेवलेले नसेल, तर नावावाचून जन्माची नोंद करता येते, आणि नाव मागाहून भरता येते. कायद्याने येथे प्रागभाव ओळखला. नाव 'नाही' असे न म्हणता 'अजून नाही' असे म्हटले, आणि त्यासाठी जागा राखून ठेवली. आधारच्या नोंदणीत जन्मतारखेबरोबर ती कागदावरून पडताळलेली आहे, तोंडी सांगितलेली आहे, की अंदाजाने धरलेली आहे, ही खूण ठेवण्याची योजना आहे. उलट नवा रकाना उघडताना काय घडते, याचे ताजे उदाहरण म्हणजे आईचे नाव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लिहिणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले, निर्णय उत्तमच. परंतु त्या दिवसापूर्वीच्या असंख्य नोंदींत हा रकाना रिकामा आहे, त्याचा अर्थ 'आई अज्ञात' असा नसून 'तेव्हा विचारण्याची पद्धत नव्हती' असा आहे. जो कोणी या नोंदींचे बटवे शिवील, त्याने हे दोन अर्थ एका नलात कोंबू नयेत, एवढीच प्रार्थना.

आमच्या विद्यार्थ्यांनी अखेरीस जी रीत बसविली, ती सांगावयास साधी आहे. सबंध बटवा नसणे त्यांनी बंदच केले. कुलूपबंद घरासही बटवा अडकवावयाचा, मग तो रिकामा असो. जँगोची मार्गदर्शिकाही साधारण असाच सल्ला देते. पट्ट्याच्या कप्प्याशेजारी त्यांनी दुसरा कप्पा शिवला आणि त्यात कारण लिहिण्याची सक्ती केली : दार बंद, विचारले पण ठाऊक नाही, विचारलेच नाही, लागू नाही. त्याखाली विचारणाऱ्याचे नाव आणि दिनांक. सक्ती करावयाचीच तर उत्तराची न करता कारणाची करावी, हे त्या पोरांस आपले आपण सुचले. 'निरंक' लिहिणाऱ्या जुन्या कारकुनाची सहीच ती, नव्या वेषात. मग दोन याद्यांच्या तीन झाल्या, आणि तिसरी यादी हातात घेऊन मुले पुन्हा पाड्यांवर गेली. त्या वृद्धेचा धाकटा मुलगा त्या दिवशी घरी होता. त्याने पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. तो वनपट्टाच होता. त्यावर तिच्या दिवंगत नवऱ्याचे नाव होते, आणि शेजारी, कायद्याने सांगितल्याप्रमाणे, तिचे.

जी बाई पट्ट्याविषयी 'ठाव नाय' म्हणाली, ती स्वतःच पट्टेदार होती. पहिल्या दोन याद्यांत ती कोठेच नव्हती. आणि कोणा उतावळ्या हाताने सर्व रिकाम्या जागी 'नाही' भरून बेरीज जुळविली असती, तर ती कायमची भूमिहीनांत जमा झाली असती, तीही नीटनेटक्या कोष्टकात. आम्ही हे लिहितो ते संगणकाच्या निंदेसाठी नव्हे. वहीने जे शतकभर दडविले, ते यंत्राने बेरीज न जुळवून चार दिवसांत दाखविले. परंतु ती बेरीज पुन्हा करून पाहणारा, आणि न जुळल्यावर आकड्यास न दटावता पाड्याकडे चालू लागणारा मनुष्य मात्र लागतो. तसा मनुष्य जोवर जागेवर आहे, तोवर रिकाम्या रकान्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. तो केवळ पुन्हा जाऊन विचारावयाच्या घराचा पत्ता होय.